प्राजूच्या वाट्याचं पदक

६ मार्च
कपाट आवरलं, पदकं पुसली. सासऱ्यांची दोन, लढाईतली. रेल्वेच्या नोकरीतून ब्रह्मदेशात रूळ टाकायला गेले होते. परत आले तेव्हा ह्यांचे थोरले भाऊ "हे कोण?" म्हणत आईमागं लपले म्हणे. ह्यांचं एक. गँगमन असताना गाडीसमोरून एका म्हाताऱ्याला ओढून काढलं, त्याचं.
हे जाऊन तीन वर्षं होतील. आकुर्डीला लोकल थांबली की कान अजून जिन्याकडं.
प्राजूचा फोन नाही. मालगाडीवर असेल पोरगी.

९ मार्च
भुसावळहून प्राजूच्या मैत्रिणीचा फोन. "काकू, घाबरू नका."
मालगाडी सिग्नलला उभी. शेजारच्या गवताला वणवा लागलेला, आत एक बाई अडकलेली. आमची असिस्टंट ड्रायव्हरीण इंजिनातून उतरून धावली. बाई वाचली. प्राजूचा उजवा हात भाजला.
मग प्राजूशी बोलले.
"साधं आहे गं, आई."
"मग सांगितलं का नाहीस?"
"तू रडली असतीस."
रडलेच.

१४ मार्च
प्राजू घरी. हाताला बँडेज. वरणभात भरवला. लहानपणी पळायची घासाला, आज मुकाट खाल्लं.
म्हणाली, "पदकासाठी माझं नाव पाठवलंय साहेबांनी."
मी ताट उचललं.
"आनंद नाही झाला?"
झाला की. ह्यांना कधी एकदा सांगते असं झालं. आणि मग आठवलं, हे नाहीत.

१५ मार्च
तिला म्हटलं, पुण्याला बदली माग.
"बाबांना म्हणालीस कधी असं?"
नव्हते म्हणाले. डबा भरताना रोज ओठांवर यायचं, आज जाऊ नका. तेवढ्यात हे सायकल काढायचे. मी कुणालाच बोलले नव्हते, आज तिला बोलले. मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली बराच वेळ.

२२ मार्च, रवि.
हात बरा. चिंचवडला जाऊन तिला गाडीत बसवलं. सकाळी निघताना पदकं मागत होती.
"सगळी?"
"सगळी. आणि तूपण चल. क्वार्टर मिळतंय, दोन खोल्या आहेत."
सासऱ्यांची दिली. ह्यांचं द्यायला हात होईना.
गाडी सुटताना खिडकीतून पुन्हा, "आई, येशील ना?"
भुसावळला उन्हाळा फार, एवढंच म्हणाले.