पत्रिकेतला हुद्दा

नाशिक,
४ ऑक्टोबर २०२३

चि. वंदना हिस,
नंदूदादाचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. मोबाइलवर तुम्ही सगळे ओरडता आणि मला नुसती घरघर ऐकू येते, त्यापेक्षा आपली ही जुनी रीतच बरी. कानाचं यंत्र कपाटात का पडलंय, हे पुन्हा विचारू नकोस. लावलं की आधी तुझ्या वहिनीचं ऐकावं लागतं.

आमच्या तृप्तीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर सोबत पाठवतो आहे. आजोबांना प्रवास झेपत नाही म्हणून लग्न बुरहानपूरलाच करायचं, हा तिचा हट्ट. तेव्हा पत्रिका तिथेच, इतवाऱ्यातल्या छापखान्यात छापून घे. एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. आप्पा सांगतील की माझ्या नावाआधी 'हवालदार' लाव. लावू नकोस. त्यांच्या फौजेच्या डिस्चार्ज बुकात 'नाईक' लिहिलंय, म्हणजे हवालदाराच्या एक पायरी खाली, मी स्वतः वाचलंय. घरात आजवर चाललं ते चाललं. पण नवऱ्या मुलाचे काका सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी चार प्रश्न विचारले तर आप्पांची काय शोभा राहील? 'माजी सैनिक नाईक उखर्डू तोताराम महाजन' एवढंच छाप. खरं आहे तेवढं पुरे.

मी हेकट आहे हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून रुसू नकोस आणि माया पातळ करू नकोस.

तुझा,
नंदकुमार

लालबाग, बुरहानपूर,
१५ ऑक्टोबर २०२३

ती. दादास,
वंदनाचा सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तशी पत्रिका छापली. पहिली पत्रिका कुंकू लावून देवापुढे ठेवायची ती घरातल्या वडीलधाऱ्यांनी, म्हणून आप्पांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून ती सगळी वाचली आणि स्वतःच्या नावाशी थांबले. मजकूर कोणाचा, असं विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. मग पत्रिका देवापुढे ठेवली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मीच विषय काढला. त्यांचं म्हणणं असं, की पेन्शनीवर घरी आले तेव्हा ते नाईकच होते आणि बुकात तेच लिहिलंय. पण चांगली नोकरी केलेल्यांना घरी गेल्यावर पंधरा ऑगस्टला एक हुद्दा वरचा देतात, नुसता मानाचा. त्या यादीत त्यांचं नाव होतं, हे पलटणीतल्या मित्राने कळवलं होतं. सरकारी पत्र गेलं गावाच्या पत्त्यावर, आणि तोवर आपण तुझ्या शाळेसाठी बुरहानपूरला आलो होतो. मग चौकशी का केली नाही, असं विचारलं, तर म्हणाले की मान काय मांगून घेतात का!

खरं सांगू, मलाही पटलं नाही. घरी बसलेल्या माणसाला बढती कशी मिळेल? तरी सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन मी रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केला. एकदाचा नकार आला म्हणजे विषय मिटेल, असा माझा हिशेब. आप्पांनी मात्र मिशा विंचरल्या, टोपी घातली आणि उभं राहून सही केली. मला त्यांची फार कीव आली.

वहिनींना नमस्कार. आणि तुझा जीव आमच्यावर आहे तसाच राहू दे, यंत्रासारखा कपाटात ठेवू नकोस.

तुझी,
वंदना

लालबाग, बुरहानपूर,
९ एप्रिल २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं. दादा, आप्पा खरं बोलत होते. त्यांना मानद हवालदार केल्याचा हुकूम निघाला होता. बुक त्याआधीच हातात दिलेलं, म्हणून त्यात नोंद राहून गेली. आता दुरुस्तीचं पत्र आलंय, शिक्क्यासकट. कुणी फसवलं नव्हतं, कुणी लपवलंही नव्हतं. आपणच विश्वास ठेवला नाही.

आई त्यांना 'हवालदारसाहेब' म्हणायची आणि आपण दोघं तोंडावर हात ठेवून हसायचो. आपल्याला ती थट्टा वाटायची. आठवून बघ, ती स्वतः कधी हसली नव्हती. शेवटच्या आजारातसुद्धा तिने त्यांना तशीच हाक मारली.

आणखी एक सांगायचं राहिलंय. लग्नात जेवणाच्या वेळी सुभेदारकाका आप्पांपाशी आले. तू शेजारीच उभा होतास, पण यंत्र नव्हतं म्हणून तुला काही कळलं नसणार. त्यांनी अगदी अदबीने विचारलं, आपण कोणत्या हुद्द्यावर होतात. आता आप्पा हवालदार म्हणणार आणि पत्रिकेत नाईक! आप्पांनी एकदा तुझ्याकडे पाहिलं, टाचा जुळवल्या आणि नाईक म्हणून स्वतःचं नाव सांगितलं. तूही हसून मान डोलावलीस. व्याह्यांसमोर तुझी पत्रिका खोटी पडू नये म्हणून त्यांनी स्वतःला खाली उतरवलं, दादा. आणि मी, म्हातारा एकदाचा खरं बोलला म्हणून सुटकेचा श्वास टाकला.

दुरुस्तीचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. दादाला कळव, एवढंच म्हणाले आणि अंगणातल्या केळीला पाणी घालायला उठले.

तुझ्या लोभावर आजवर निर्धास्त होते, आज आपल्या दोघांचीही लाज वाटते आहे.

वंदना

नाशिक,
१७ एप्रिल २०२४

तीर्थरूप आप्पांस,
बालके नंदकुमारचे शि. सा. न. वि. वि.

वंदनाचं पत्र वाचलं. मला क्षमा करा. तृप्तीला सांगितलं तर ती रडली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सुभेदारसाहेबांना मी आजच सविस्तर पत्र लिहितो, दुरुस्तीच्या कागदाची प्रतही जोडतो. लालबागच्या घरावर तुमच्या नावाची पितळी पाटी लावू, 'हवालदार' ठळक अक्षरांत. पुढच्या महिन्यात मी येतो, सगळ्या आळीत दराब्याची मिठाई वाटू, छोटासा सत्कार करू. तुम्ही नाही म्हणू नका. एवढं तरी मला करू द्या.

माझ्या डोक्यावरचा हात काढून घेऊ नका, इतकंच मागणं.

आपला,
नंदू

लालबाग, बुरहानपूर,
२५ एप्रिल २०२४

चि. नंदकुमार यास,
उखर्डू महाजनचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही खुशाल, तिकडची खुशाली देवाजवळ मागतो.

तुझं पत्र भेटलं. सुभेदारसाहेबांना काही लिहू नको. मी त्यांच्यासमोर सावधान उभा राहून नाईक बोललो. आता तू हवालदार लिहिशील तर त्या दिवशी मी झूठ बोललो, असं होईल. तृप्तीचं सासर आहे ते. तिथे आजोबाची बात एकच राहू दे. पाटी पण नको. घर जावईबापूंचं आहे, त्यांच्या दरवाज्यावर माझी हवालदारी कशाला? दराबा आण. तो मला आवडतो.

कागद चांगला आहे. तुझी आई गोदा असती तर तिला दाखवला असता. तिला जरुरत नव्हती, तरी दाखवला असता.

तू माफी मांगितली, ती मिळाली. माझा तुझ्यावर गुस्सा नाही. तू लहान होता तेव्हा मी सरहद्दीवर होतो, सालातून एकदा येत होतो. तुला बापाची ओळख कागदावरूनच झाली, त्यात तुझी एकट्याची गलती नाही. सूनबाईला आणि तृप्तीला आशीर्वाद सांग. कानाचं यंत्र लावत जा.

एक बात मनात फिरते, ती विचारतो. फुरसतीने जवाब दे, पण खरा दे. हा कागद आला नसता, तर मी मरेपर्यंत तुझ्या नजरेत झूठाच राहिलो असतो का?

तुझा बाप,
उखर्डू