टाकीतील अकरा सामूंबाबत

प्रति,
मा. पाणीपुरवठा अधिकारी,
पाणीपुरवठा कार्यालय, दुसरा मजला.

विषय : टाकीतील पाण्याचा सामू उतरवणेबाबत (अर्ज चौथा).
संदर्भ : आपले पत्र, ‘सामू व इतर दहा यांस हजर करणेबाबत’.

महोदय,

१. अर्जदार हा प्रयोगशाळेत एकतीस वर्षे काचेची भांडी धुऊन निवृत्त झालेला म्हातारा आहे. गल्लीत तो थापाड्या म्हणून ओळखला जातो व ते त्यास मान्य आहे. मात्र या प्रकरणातील थापा सर्वस्वी आपल्या कार्यालयाच्या आहेत.

२. टाकी साफ करायला आलेल्या आपल्या माणसांनी चुन्याची सहा पोती आतच रिती केली आणि झाकण लावून ते चालते झाले. तेव्हापासून नळाला बुळबुळीत काहीतरी येते. तोंड धुतले की गालावरून गोगलगाय फिरल्यासारखे वाटते. चहाला गटाराचा रंग येतो. शिसारी येते, महोदय.

३. अर्जदाराने पहिल्या अर्जात ‘पाण्याचा सामू अकरा झाला आहे’ असे लिहिले. सामू म्हणजे पीएच. सातच्या खाली आम्ल, सातच्या वर अल्क, सात म्हणजे निर्मळ पाणी. हे शाळेच्या पुस्तकात आहे. आपल्या कार्यालयाने मात्र सामू नावाचे अकरा इसम टाकीत उतरल्याची नोंद केली व शिडीपाशी पहारेकरी बसवला. चुना उपसायला गेलेल्या अर्जदारास तो म्हणाला, “आधी सामू खाली येऊ दे, मग तुम्ही वर जा, आजोबा.” सामू खाली यावा म्हणूनच वर जायचे आहे, हे त्यास आजतागायत पटलेले नाही.

४. दुसऱ्या अर्जास हळदीचा कागद जोडला होता. अल्क लागले की हळद लाल होते. त्यावर ‘रक्ताचा डाग, बहुधा सामूचा’ असा शेरा पडला, व उरलेले दहा कोठे पुरले अशी अर्जदाराकडे विचारणा झाली. तिसऱ्या अर्जात त्याने लिहिले की सामूच्या पट्टीची एक पायरी म्हणजे दहापट, सातापासून अकरापर्यंतच्या चार पायऱ्या म्हणजे दहा हजारपट. उत्तर आले : दहा हजार सामूंसाठी मनुष्यबळ उपलब्ध नाही.

५. हे सारे हसण्यावारी नेले असते. पण अर्जदाराची पत्नी काजे-बटणे करते, आणि धुणीभांडीही तिच्याच हातची. बोटांची साल कांद्यासारखी निघते, सुई धरवत नाही. साक्षीदार म्हणून आपल्याकडे तिचा अंगठा घेतला, तर कागदावर नुसता निळा ठिपका, एक रेघ नाही. लिपिक म्हणाले, “आजी, नीट दाबा.” ती म्हणाली, “बाबा, दाबायला अंगठा राहिलाय कुठं?” साक्ष परत आली : ‘अंगठा ग्राह्य नाही.’

६. सबब पहारा उठवावा व टाकी उपसून धुवावी. ते जमत नसल्यास सोबतच्या पाण्याने आपण आठ दिवस हात धुवावेत. या प्रकरणातून ते धुऊन आपण मोकळे झालाच आहात. नववे दिवशी याच अर्जावर आपला अंगठा उठवून पाहावा.

आपला अद्याप नम्र,
अर्जदार
दिनांक : चुना पडल्यापासून एक्केचाळिसावा दिवस

सोबत : १. टाकीतील पाणी, एक बाटली.
२. हळदीचा कागद (रक्त नव्हे).
३. पत्नीचा अंगठा, उमटला तेवढा.