अक्रोडावरचं कुंकू

साउथहॅम्प्टन, मंगळवार, ३ ऑक्टोबर २००६

आज खोटं बोललो, तेही पोलिसांच्या माणसाशी. रायफलचं सर्टिफिकेट रिन्यू करायचंय म्हणून तो कपाट तपासायला आला होता. मी कुलूप काढलं आणि पाहतो तर काय. तीन महिने गराजमध्ये घासून घासून मी रायफलला बसवलेला अक्रोडाचा दस्ता, आणि त्यावर कुंकवाचं बोट! वर झेंडूचं फूल.

"हे काय?" त्याने विचारलं.

"काल आमचा सण होता. शस्त्रांची पूजा असते. मीच केली."

मागे मीना चहाचा ट्रे घेऊन उभी. किल्ली कुठे असते ते बायकोलाही कळता कामा नये, नाहीतर सर्टिफिकेट गेलंच. त्याने कुंकवाकडे पुन्हा एकदा पाहिलं, सही केली आणि निघून गेला.

"किल्ली कुठे सापडली तुला?" मी ओरडलोच.

"अहो, ती जागा मला पहिल्या दिवसापासून माहितीये. दसरा तुम्ही विसरलात, मी नाही."

कुंकू निघत नाहीये. दस्त्याला अजून तेल दिलेलं नाही, त्यामुळे कोऱ्या लाकडात मुरलंय. घासलं तर पकडीचं माप बिघडेल. मग राहू दे?

किल्लीला नवी जागा शोधली. ती इथे लिहीत नाही. ही वही कुठे असते, तेही तिला माहीत असणार.