विक्रोळीचा आंतरराष्ट्रीय कप आणि धोंडिरामांचा जावई

विक्रोळी,
अधिक श्रावण, १९८५

श्री. सीतारामभाऊ यांस लवूचा नमस्कार.

आम्ही इथे सुखरूप आहोत, म्हणजे तुमची बहीण प्रेमा सुखरूप आहे आणि मी अपमान गिळून बसलोय. आबांचा गुडघा कसा आहे? (ही चौकशी नुसती रीत म्हणून नाही, पुढे कळेल.) वहिनींना नमस्कार, म्हशीलाही विचारलंय म्हणून सांगा.

तर गेल्या रविवारी आमच्या चाळीत 'पहिली आंतरराष्ट्रीय पुरुष सांघिक टेबल टेनिस स्पर्धा' पार पडली. हसू नका, कापडी फलक अजून जिन्यावर लटकतोय. आमचे सेक्रेटरी धोंडिराम यांचा जावई विद्याधर मस्कतहून रजेवर आला. एरवी आमचं कॅरमवर भागलं असतं, पण परदेशातला माणूस आयता हाती लागल्यावर सेक्रेटरींच्या अंगातच आलं. मस्कतचा संघ उभा राहिला (कर्णधार देवगडचा, बाकीचे दोघे कणकवलीचे, तेही रजेवर). नेपाळतर्फे कारखान्यावरचे दोन वॉचमन आले. तिसरा मिळेना म्हणून आमच्या खंडूला घातला, कारण तो एकदा पशुपतिनाथाला जाऊन आलाय. भारत म्हणजे आमची चाळ, आणि भारताचा कर्णधार मी! टेबल म्हणजे गणपतीच्या स्टेजच्या दोन फळ्या, जाळी म्हणजे शेजारच्या जानकीकाकूंची मच्छरदाणी. फळ्यांच्या फटीत चेंडू पडला की तिथेच मरायचा, आणि पॉइंट कुणाचा ते पंच ठरवायचे. पंच कोण, तर धोंडिराम.

वॉचमन मंडळींची ड्यूटी लागली म्हणून ती अर्ध्यावर उठून गेली. नेपाळ म्हणून एकटा खंडू उरला आणि हरला. राहिले भारत आणि मस्कत, आणि सगळं आलं शेवटच्या सामन्यावर, मी विरुद्ध विद्याधर. भाऊ, खरं सांगतो, मी आयुष्यात कधी काही जिंकलेलं नाही. शाळेत लिंबू-चमच्याच्या शर्यतीतसुद्धा माझंच लिंबू पडायचं. तो कप मला हवाच होता हो! शोकेसमधल्या दोन बाहुल्या काढून मी जागासुद्धा करून ठेवली होती.

आणि मी जिंकत होतो! वीस-अठरा, एकच पॉइंट हवा. तेवढ्यात बायकांत कुजबुज सुरू झाली. अधिक महिना, जावई सासरी आलेला, अनारशांचं ताट तयार, आणि त्याला हरवून जेवायला बसवायचं? जानकीकाकू तर गॅलरीतून ओरडल्याच, "मेल्या लवू, जावय आसा तो!" प्रेमा डोळे वटारून खुणा करायला लागली. धोंडिराम खुर्चीत असे खोकले की डॉक्टरला बोलवावं लागतंय की काय असं वाटलं. काय करणार? चार चेंडू सरळ मच्छरदाणीत घातले. अनारशांपायी देशाची वाट लागली. विद्याधरला कप मिळाला, वर शर्टपीस मिळालं, आणि तो शहाणा मलाच म्हणतो, "लवूभाऊ, बॅकहँड सुधारा."

असो. पोरांना पापा, आबांना साष्टांग.

तुमचा, न हरलेला पण हरवलेला,
लवू

ता.क. पुढच्या रविवारी आम्ही कुडाळला येतोय. अधिक महिना तेव्हाही चालू आहे, आणि तुमच्या घरचा जावई मी आहे. अनारसे नकोत (थोडे चालतील). पडवीतलं टेबल तेवढं रिकामं करून ठेवा. बॅटी, चेंडू मी आणतो, कपही घेऊन ठेवलाय. आबांनी माझ्याशी खेळावं आणि हरावं. गुडघा आहेच, कुणाला संशय येणार नाही. फक्त कुणी खोकू नका.

ता.क. (प्रेमाकडून) दादा, पाकीट चिकटवायच्या आधी मी सगळं वाचलं. वीस विद्याधरचे होते, यांचे अकरा. मी खुणा करत होते त्या लवकर आटपा म्हणून, पंगत खोळंबली होती. जानकीकाकू ओरडल्या त्या यांनी जावयावर बॅट उगारली म्हणून. पण बाहुल्या अजून पलंगावर पडल्यात आणि शोकेसमधली जागा हे काही केल्या भरू देत नाहीत. तेव्हा आबांना सांग, हरा म्हणावं, आणि नीट हरा.