आसगावच्या डब्यातला यांचा आवाज

१४ जून
दिवसभर लाइटचा लपंडाव. दुपारी पंखा एकदम भरारला, बल्ब डोळे दिपतील एवढा पेटला आणि टीव्हीखालचा डबा गेला. सेटटॉप बॉक्स. आमच्याकडे डबाच म्हणतात. हे खुर्चीत बसून काळ्या पडद्याकडे बघत राहिले. "अरे," म्हणाले. डिसेंबरात लकवा मारून गेला, तेव्हापासून एवढा एकच शब्द उरलाय. भूक लागली, अरे. शर्ट उलटा झाला, अरे. मी अंगणवाडीतून आले, अरे. मला सगळे अरे वेगवेगळे ऐकू येतात. येतात असं मी म्हणते.

१५ जून
डिशवाला अतुल आला. जुना डबा पिशवीत टाकला, नवा लावला. "काकू, हा एचडी आहे. आता पाहा मजा." गेला.
संध्याकाळी पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर आलं, वापरण्यासाठी फॉरमॅट करा. यस, नो. बोट यसवर टेकलंच होतं. फॉरमॅट म्हणजे पुसून टाकणं, हे मोबाइलच्या कृपेने माहीत होतं म्हणून वाचलं. नो दाबलं, काढून घेतला.

१६ जून
काल पुढचं लिहवलं नाही. पे.ड्रा.त यांचा आवाज आहे. दोन वर्षांपूर्वी एका वाहिनीचे लोक गावच्या तलावावर आले होते. वरठीच्या स्टील प्लँटमधून रिटायर झाल्यापासून हे त्या तलावाची माहिती गोळा करायच्या मागेच लागले होते, म्हणून कॅमेरा यांच्यापुढे. हे बोलले, भरभरून बोलले. शेवटी वाहिनीच्या पोरीने विचारलं, एवढं सगळं लक्षात कसं राहतं? तर म्हणाले, "मले काय इचारता, वनिताले इचारा. तिच्याच भरवशावर चालू आहे सारं." वनिता म्हणजे मी. गावभर चार दिवस चिडवत होते.
डब्याला पे.ड्रा. लावून मी तो कार्यक्रम रेकॉर्ड केला. दुसरीकडे यांचा आवाज कुठेच नाही. साधा फोन वापरायचे. लग्नाकार्यात कोणी व्हिडिओ लावला की तोंड बंद, फोटोसारखे उभे.
नागपूरच्या वाचा शिकवणाऱ्या मॅडम मागेच म्हणाल्या होत्या, यांचं जुनं बोलणं असेल तर ऐकवा, फायदा होतो. मी उन्हाळाभर टाळलं. हिंमत होत नव्हती.

१९ जून
भंडाऱ्याला कॉम्प्युटरच्या दुकानात. फाइल दिसते. तारीख दिसते, केवढी मोठी आहे तेही दिसतं. उघडत नाही. दुकानदार म्हणाला, "एन्क्रिप्टेड आहे मॅडम. ज्या बॉक्समध्ये रेकॉर्ड केलं, त्याच्यातच चालन." म्हणजे कुलूप माझ्याकडे आणि किल्ली डब्यात. डबा अतुलच्या पिशवीत.
प्रज्ञाला पुण्याला फोन केला. तिनं नेटवर शोधलं. ती वाहिनीच बंद पडली आहे. "आई, रडू नको ना." मी रडत नव्हते, तीच रडत होती.

२१ जून
कस्टमर केअर. आधी गाणं, मग बटणं, मग एक गोड मुलगी. रेकॉर्डिंगची जबाबदारी कंपनीची नाही म्हणाली. पे.ड्रा. फॉरमॅट करून नवीन कार्यक्रम रेकॉर्ड करा म्हणाली. मी म्हटलं, बाई, नवीन कार्यक्रमात माझा नवरा बोलणार आहे का? तिला काय कळणार. आपल्याला आणखी काही मदत हवी का, म्हणे. फोन आपटला. मोबाइल आपटता येत नाही, गादीवर टाकला.

२६ जून
या वयात काय काय शिकते आहे. अतुलकडून. सिग्नल स्ट्रेंथ वेगळी, क्वालिटी वेगळी. स्ट्रेंथ भरपूर असून क्वालिटी शून्य असू शकते, मग चित्र नाही. डिशच्या छत्रीच्या तोंडाशी लटकतो आणि सिग्नल पकडतो तो एलएनबी. आणि पेअरिंग, म्हणजे डबा आणि त्यातलं कार्ड यांची जोडी लावून दिलेली असते, तिसऱ्याला मधे घेत नाहीत. पूर्वी अँटेना हलला की मुंग्या यायच्या, पण मुंग्यांमागून आवाज यायचा, अंदाज लागायचा. डिजिटलमध्ये तसं नाही. आहे तर स्वच्छ, नाही तर काळं.
यांना हे वाचून दाखवलं. माझ्या तोंडाकडे बघत होते.

४ जुलै
अतुल स्वतःहून आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "काकू, कोनाले सांगू नका. तुमचा डबा नागपूरले जाऊन दुरुस्त होऊन आला. पावरचाच पार्ट जळला होता." मी उठूनच उभी राहिले. "कुठे आहे?" "मीच लावला. आसगावले, पार्बताबाईच्या घरी." पवनीच्याही पुढे. म्हणाला, आतली चिप तीच आहे, चालायला पाहिजे. गॅरंटी देत नाही.
त्याला दोन भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून दिली. दुसरं काय देणार.

९ जुलै
आसगावला जाऊन आलो. दोघंही. मी निघाले तर हे चप्पल घालून दारात उभे.
रोवणा चालू, भात लावायला सगळं गाव शेतात, बांधीत. घरी पार्बताबाई एकटी, गुडघ्याला तेल चोळत टीव्ही बघत होती. सगळं सांगितलं. म्हणाली, "लाव ना बाई, कोन नाई म्हनते? पन हे सिरियल संपू दे." संपेपर्यंत बसलो. मधल्या जाहिराती पण बघितल्या.
मग पे.ड्रा. लावला. यादी आली. एकच ओळ, त्यात आमच्या तलावाचं नाव. मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरला, ओके दाबलं.
हे बोलायला लागले. पांढरा शर्ट, हात हवेत. "हा तलाव आमच्या आज्यानं पाहिला, त्याच्या आज्यानं खांदला..." तो खर्ज. मी विसरले होते. अंदाजाने आठवत होते ते चुकीचं होतं, त्याहून जाड होता आवाज. पार्बताबाई म्हणाली, "मोठा बोलका मानूस आहे ओ तुमचा."
मागे खुर्ची पडली. हे उठले होते. भिंतीला धरत धरत दारातून बाहेर, भर उन्हात. मी मोबाइल टाकून धावले. पार्बताबाईच्या परसातल्या छोट्या तळ्याच्या, बोडीच्या, पाळीवर बसले होते. स्वतःच्या तोंडावर चापट मारत होते. पुन्हा पुन्हा. हात धरला तर दुसऱ्या हाताने.
आत टीव्हीवर बोलणं चालूच होतं. बाहेर ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. पार्बताबाईला ओरडून म्हटलं, बंद करा.
मोबाइलमध्ये दहा-बारा शब्द आणि मग क्षणभर तिच्या घराचं छप्पर; पडल्यावर रेकॉर्डिंग बंद झालेलं.

११ जुलै
जेवत नाहीत. मी काय केलं हे.
नागपूरच्या मॅडमना फोन केला. म्हणाल्या, काहींना त्रास होतो, जबरदस्ती करू नका. हे आधी सांगायला काय झालं होतं.

२३ जुलै
जेवतात आता. पे.ड्रा. टेबलावर दिसला की मान फिरवतात. मी डाळीच्या डब्यात टाकून ठेवलाय.
मोबाइलमधले दहा-बारा शब्द अंगणवाडीत, मुलं गेल्यावर ऐकते. त्यात माझं नाव येत नाही. ते अगदी शेवटी होतं.

६ ऑगस्ट
पार्बताबाईच्या मुलाचा फोन. "काकू, मोठा टीव्ही घेतला. सोमवारी नवीन डबा लावून राहिले, जुना जमा करा लागते. आई म्हने त्या बाईले सांग, यायचं असन तर आधी ये म्हना."
यांना विचारलं. नीट समोर बसून, हळू. एकदाच जाऊ, तुम्ही बाहेर बसा, मी मोबाइलमध्ये भरून घेते. "अरे," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. हा अरे मला कळला. इथे 'असं मी म्हणते' नाही.

८ ऑगस्ट
त्यांना नको आहे. मला पाहिजे आहे. इतके दिवस उपचार उपचार म्हणत होते, ते ढोंग. मला माझ्या माणसाचा आवाज पाहिजे. माझं नाव घेताना. हा माणूस जिवंत आहे, समोर बसून भात कालवतो आहे, आणि मी त्याच्याच आठवणीने झुरते. कोणाला सांगायचं? विधवेचं दुःख लोकांना समजतं. माझं काय म्हणून सांगू?

९ ऑगस्ट
आसगावच्या बसमध्ये लिहिते आहे, अक्षर वाकडं येतंय. उद्या सोमवार, डबा जाणार.
शेजारच्या छायाला यांच्याजवळ बसवलं. कुठे, असं यांनी हाताने विचारलं. भंडाऱ्याला, तुमच्या गोळ्या आणते, म्हटलं. तीस वर्षांच्या संसारात यांच्याशी असं तोंडावर खोटं बोलले नव्हते. नवऱ्याचा आवाज ऐकायला नवऱ्यापासून लपून चालले आहे, दुसरा कोणी ठेवल्यासारखी.
यांनी छत्री आणून दिली. मग आत गेले, बराच वेळ लागला. गोळ्यांची रिकामी पट्टी शोधून आणली, दुकानात दाखवायला. माझ्या हातात ठेवून मूठ बंद केली.
अड्याळ. निम्मा रस्ता अजून बाकी. गाडी थांबली आहे, ड्रायव्हर चहाला उतरला. समोर भंडाऱ्याला परत जाणारी गाडी लागली आहे. तिच्यात जागा आहे.