सायलेन्सरचा चटका

लातूर
१९ ऑगस्ट २०२५, मंगळवार

सत्या,

चिरंजीव लिहायला गेलो तर पेन थांबला. आशीर्वाद देत न्हाई. मी इकडं खुशाल हाय असंबी लिहीत न्हाई, कमरेखाली मेलेला माणूस कसला खुशाल? तुही आई, केवळाकाकू, परवा माह्या खाटेपाशी बसून रडली. जेलात तुहं वजन लई उतरलं म्हणत होती. मला ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

इथल्या दवाखान्यातलं सांगतो. तूबा मॅडम म्हणून पोरगी हाय, नांदेडचीच. रोज माह्या पाठीला, मणक्यावर, चिकटपट्ट्या लावती अन् वायरीतून करंट सोडती. कापणं न्हाई, सुई न्हाई. पाठीत मुंग्या सुटतात. ती म्हणती, "वैजनाथभाऊ, करंट नुसता नसा जाग्या करतो. पाय हलवायचा हुकूम तुम्हीच द्यायचा." दीड महिना हुकूम देऊन राहिलो, पायानं ऐकलं न्हाई. एक दिवस डोकं फिरलं, पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकून मारला. तिला शिव्या दिल्या. पोरगी हलली न्हाई. म्हणली, "एवढा राग हाय ना? मग पायात घाला. कुणाला तरी लाथ घालायची असं डोळ्यासमोर आणा."

तुहं थोबाड आणलं.

अन् सत्या, उजवा पाय हलला! बोटभर, पण हलला. माहा बाप असून दादा लहान लेकरावानी रडले. करंट बंद केला की पाय बंद. तवापासून रोज तेच चालू हाय. मॅडम रोज हसून विचारती, आज कुणाला मारलं? मी सांगतो, फुटबॉलला. जन्मात मी फुटबॉल खेळलो न्हाई.

त्या दिवशी विहिरीवर पाण्याची पाळी तुही होती. वावरात तुही हळद सुकून राहिली होती, अन् मी मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप घालून किल्ली विहिरीत टाकली. पोलिसाला हे सांगितलं न्हाई. तू आईवरून शिवी दिली, मी मुस्काटात हाणली, तुह्या नाकातून रक्त आलं. तेबी सांगितलं न्हाई. मग तू पहार उचलली. पहिला वार मी चुकवला, दुसरा पाठीत बसला. हाड मोडल्याचा आवाज मला अजून येतो. मी मातीत पडलो तर तू वाकून तोंडावर थुंकला. अन् मी तुह्या पोटात लाथ घातली. तू कठड्यावर जाऊन आदळला.

आठवतं का रे हरामखोरा? उजव्या पायाची लाथ. पहार बसल्यावरची.

पुढचं तुला माहीत न्हाई, तू पळाला. शेजारच्या वावरातून पाशामियाँ मोटारसायकल घेऊन आले. दादांनी मला मधी बसवलं अन् मागून कवळून धरलं. आपल्याकडं सगळ्यांना असंच नेतात, बाळंतीण असो का साप चावलेला. निघतानाच पिंढरीला सायलेन्सरचा चटका बसला. मी बोंबललो, "दादा, पाय भाजला!" मग नाल्यापाशी गाडी खड्ड्यात दाणकन आदळली. पाठीत काहीतरी तुटलं. त्यानंतर सायलेन्सरचा चटका कळलाच न्हाई. हिमायतनगर येईपर्यंत पाय रस्त्यानं घासत गेले, अंगठ्याचं नख उपटलं, ते मला दवाखान्यात बघून कळलं.

इथल्या डॉक्टरनं विचारलं, फळीवर आडवं करून का न्हाई आणलं? दादा खाली बघून राहिले. बाहेर आल्यावर म्हणले, "वैजा, सायलेन्सरचं कोणाला बोलू नको." मी न्हाई बोललो. पोलिसाला सांगितलं, वार बसला अन् पाय गेले.

आठ महिने दादा माहं अंग पुसतात, दर दोन तासाला कुशीवर वळवतात. पिंढरीवर त्या चटक्याचा डाग हाय. तिथं आले की हात उचलून पुढं जातात.

काल मॅडमनं विचारलं, आज कुणाला? माह्या तोंडातून निघून गेलं, "भावाला. पहार खाल्ल्यावर घातली होती तीच लाथ." दादा दारात उभे होते.

आज सकाळी अंग पुसताना त्यांनी त्या डागावर ओला फडका ठेवला अन् तिथंच धरून बसले. लई वेळ. मला काहीच लागलं न्हाई, डोळ्यानं दिसत होतं तेवढंच. मी म्हणलो, "दादा, सव्वीसला साक्ष हाय." ते म्हणले, "हाव. खरं सांग."

तर मी सगळं सांगणार हाय. कुलूप, मुस्काटात, लाथ, चटका, खड्डा. माफ केलं असं समजू नको. हाड तूच मोडलं, त्याची शिक्षा तू भोग. पण दादांनी मला वाचवायला नेलं होतं, अन् त्यांच्या वाटणीचं तुह्या डोक्यावर घालून मला जगता येईना. सुटला की इथं ये. पट्ट्या लावलेल्या असतील तवा ये, अन् माह्या उजव्या पायासमोर उभा राहा.

हे पत्र तुह्या वकिलाला दे. म्हणूनच बापाच्या नावासकट सही करून राहिलो.

पहार बसल्यावर तुला लाथ घातलेला, तुहा थोरला चुलतभाऊ,

वैजनाथ ग्यानोबा