डाव्या बुटाचा तळ

सोलापूर, ४ डिसेंबर २०२४

चि. सौ. शिवबाईस अनेक आशीर्वाद, वि. वि.

माझ्याकडे बास्केटबॉल शिकायला ठेवलेल्या तुझ्या काव्याचे पाऊल चुकते आहे आणि विषय काढला की तू फोन ठेवतेस, म्हणून लिहावे लागले. बास्केटकडे मुसंडी मारताना चेंडू हातात आला की दोनच पावले: उजवे, मग डावे, आणि डाव्यावरून उडी. काव्याचे डावे सर्रकन घसरते, सावरायला तिसरे पडते आणि शिट्टी वाजते. पंधरा तारखेला जिल्ह्याची निवड आहे.

काल तिला अनवाणी पळवले. पाऊल चोख पडले. मग बूट उलटे करून पाहिले. डावा तळ अंगठ्याखाली गुळगुळीत. तसा तळ झिजवणारी एकच मुलगी मी शिकवली. उडीआधी अंगठा घासायची अंकिताची खोड मला शेवटपर्यंत मोडता आली नाही. तिच्या तेराव्याला पादत्राणे दान दिली, असे तूच म्हणाली होतीस. मग तिचे बूट धाकटीच्या पायात कसे?

मी जाब विचारणारी नणंद, ही तुझी जुनी थट्टा. आज खरेच विचारते. हुरड्याला बोलावणार असलीस तर उत्तरासकट बोलाव. आदिनाथाला म्हणावे, बहिणीलाही कधी फोन करावा.

कस्तुराबाई


मैंदर्गी, ८ डिसेंबर

तीर्थरूप वन्संना शिवबाईचा शिरसाष्टांग नमस्कार.

वन्सं, दानाला नवी चप्पल दिली. बूट मी ज्वारीच्या कणगीत लपवले हुते. हे म्हणाले, गेलेल्याचं घरात ठिवू नये, जीव अडकतो. म्हटलं, अडकू दे की. काव्यानं मागितले न्हाईत, मीच घातले तिच्या पायात. दोन वर्सं गप पडलेले, आता पळत्यात. तुमी ते काढले तर माझी थोरली परत जाईल. दुसरे घेऊ नका.

तुमी लई शिकलेल्या, तुमाला हे खुळं वाटंल. पण खरं सांगा, पोरगी बास्केटकडं आली की तुमाला कोण दिसतं?

रागावलात तरी हुरड्याला या. माया कमी करू नका.

शिवबाई


सोलापूर, १५ डिसेंबर

चि. सौ. शिवबाईस आशीर्वाद.

खरे सांगते. मंगळवारी मैदानावर तो सर्र आवाज आला आणि मी ओरडले, अंकिता, गुडघा वाकव. सगळ्या मुली थांबल्या. काव्या जवळ येऊन हळूच म्हणाली, आत्या, आईपण घरात असंच करते. हाक मारायची तर माझ्या नावानं मारा की, लई दिवस झाले कुणी मारली न्हाय.

त्याच संध्याकाळी नवे बूट घेतले. तुझे ऐकले नाही. आज ती उजवीकडून शिरली, उजवे, डावे, उडी. शिट्टी वाजली नाही. तिची निवड झाली. मुली नाचत होत्या आणि मी त्या डाव्या पावलापाशी कान लावून उभी होते. आवाज आला नाही.

तू लिहिलेस तसेच झाले, थोरली परत गेली. निवड पाहायला आलेल्या आदिनाथाबरोबर धाकटी गुरुवारच्या गाडीने येते आहे. दारात उभी राहा आणि तिला तिच्या नावाने हाक मार.

आमचा लोभ आहेच. तिचाही राहू दे.

कस्तुराबाई

ता. क. आदिनाथाच्या हाती दिले: अंकिताचे बूट, एक जोड, पुसून. डाव्याची नाडी नाही. ती काव्याने केसांना बांधली आहे. मी मागितली नाही.